इबान येतं ना?

—आणि मला वाटलं होतं, कायदा विचारतील! अगं, लंडनच्या थंडीत कुडकुडत आदिवासींच्या जमिनीवर प्रबंध लिहिला, तो उराशी धरून याच बाकावर बसले होते मी, मुलाखतीला, तुझ्यासारखीच. कुचिंगमधलं एवढं मोठं वकिली ऑफिस! चिउ साहेबांनी प्रबंध उघडला का? नाव नको! म्हणाले, करार आता संगणक वाचतो, आजच्या वकिलाकडे माणसं वळवायचं कौशल्य हवं — आणि अर्जावर बोट ठेवून एकच प्रश्न, "इबान येतं ना? अगदी घरच्यासारखं?" येतं की, आईची भाषा! झालं, नोकरी पक्की. आणि मी खुळी हुरळले — वाटलं, आपल्या इबान माणसांची बाजू मांडायलाच हवीय यांना भाषा.

कसली बाजू! पामतेलवाल्या कंपनीला नदीकाठची जमीन हवी होती, मला पाठवलं लांबघरात अंगठे आणायला. आता तुला काय सांगायचं, तूही लांबघरातलीच दिसतेस — एका छपराखाली वीस-पंचवीस बिऱ्हाडं, पुढे सगळ्यांची मिळून एकच पडवी, आणि जमिनीची गोष्ट निघाली की ती त्या पडवीतच, सगळ्यांदेखत. हो ना? आणि साहेबांचा हुकूम काय — "पडवीत बसायचं नाही. एकेकाच्या दाराआड जा. तुआक दिली, तांदळाची दारू, तर प्या, म्हातारीला आजी म्हणा." आजी म्हणा! आजी म्हणायचं आणि जमिनीच्या साठ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर अंगठा उठवून घ्यायचा — कागद सगळा इंग्रजीत! हे यांचं कौशल्य! यासाठी शिकले मी?

गेले ना पहिल्या दाराआड. हो, गेले! अशी बघू नकोस माझ्याकडे, नोकरी मलाही हवी होती — आई अजून सगळ्यांना सांगत फिरते, माझी मुलगी मोठ्या ऑफिसात आहे म्हणून. म्हातारीने माशाचा रस्सा वाढला, कोणाची गं तू, विचारलं. आईचं नाव सांगितलं मात्र, तिने कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही — अंगठा थेट शाईवर! का? तर मी तिच्या भाषेत बोलले! शाईची डबी मिटली मी खाडकन. म्हटलं, आजी, उद्या बघू. आणि वर जेवले, तिचंच!

आज ओळखपत्र परत करायला आलेय. तसं मला काढूनच टाकलंय त्यांनी. — आणि तू? बघू अर्ज. वाटलंच! भाषेच्या रकान्यात इबान, आणि त्याखाली पेन्सिलीची रेघ. ती रेघ तू मारलीस का? नाही ना? मग कोणी मारली, सांग! ती म्हातारी अजून तिथेच बसलीय, तू दारात आलीस तर तुलाही जेवायला वाढेल.

मी काय केलं म्हणतेस? दुसऱ्या दिवशी सकाळी तिथेच उठले, लांबघराच्या मुखियाला म्हटलं, थाळा बडवा, सगळ्यांना पडवीत बोलवा. आणि कागद वाचला, मोठ्याने, आपल्या भाषेत, शेवटच्या ओळीपर्यंत — जा. तुझं नाव पुकारतायत.