चांदीच्या पाण्याचा पीएच

मले हट्टी म्हणता, तर ऐका. संत्र्यावर फवाराले शेलूबाजारात सुधाकरच्या दुकानातून चांदीचं पाणी, म्हंजे चांदीचे बारीक कण असलेलं पिवळं बुरशीचं औषध, घेतलं. म्हटलं, "पीएच बरोबर मोजून दे. कोवळी फळं गळाली तं साल गेलं माह्यं."

त्यानं बाटलीतच मीटर बुडवलं. आकडा काही थांबेना.

"काका, या पाण्यात क्षारच नाही, म्हणून मीटर भटकून राह्यलं. चिमूटभर मीठ टाकतो, पाहा कसं थांबते."

आकडा थांबला खरा, पण पिवळं पाणी ताकासारखं पांढरं झालं.

"घ्या काका, सात आला."

"मिठानं चांदी फाटली, हा तुह्या ताकाचा सात. मले चांदीचा पाह्यजे. दुसरी बाटली खोल, अन् मीठ तिकडं ठेव."

"अन् आकडा थांबलाच नाही तं?"

मी स्टूल ओढलं. "थांबेपर्यंत बसतो. तू चहा सांग."