तळाचा काढा

मामा : म्हणजे पास झालं की गं माझं औषध! मग असं तोंड पाडून का बसलीस?

भाची : आधी बसा, मामा. ही एकच चाचणी झाली. आमच्या प्रयोगशाळेतलं जांभळं पाणी तुमच्या मुळीनं झटक्यात पिवळं केलं. म्हणजे तिच्यात अँटिऑक्सिडंट भरपूर आहेत.

मामा : शरीराला गंज चढू देत नाही! जन्मभर हेच सांगत आलो. पण तुझी आई म्हणायची, आमचा भाऊ पालापाचोळा विकतो.

भाची : दुसरी चाचणी सुरक्षिततेची. मुळीची पूड त्यातही पास. पण तुम्ही बाटलीतून मामीचा काढा दिला होतात ना...

मामा : तो तर खास. गिऱ्हाइकांना मी नुसती पूड देतो. तिच्यासाठी मात्र रोज सकाळी स्वतः उकळतो.

भाची : त्यात शिसं निघालं.

मामा : काय?

भाची : शिसं. विष असतं ते. बरंच निघालं.

मामा : छे! बाटल्यांची अदलाबदल झाली असेल तुमच्याकडे. उगाच आणून दिला तुला. हात दाखवून अवलक्षण!

भाची : मलाही तसंच वाटलं. म्हणून पुन्हा तपासलं. मग तीच मुळी मी इथं काचेच्या भांड्यात उकळली. त्यात काही नाही. तुम्ही कशात उकळता?

मामा : वडिलांच्या तांब्याच्या पातेल्यात. दुसऱ्या भांड्यात गुण उतरत नाही.

भाची : ते तर तळातून गळायचं ना?

मामा : गळायचं. मग मीच... शिसं वितळवून बुजवलं.

भाची : अरे देवा.

मामा : चांगलं घट्ट बसलं होतं गं. एक थेंब गळत नव्हता.

भाची : मामीचा हात कधीपासून थरथरतोय?

मामा : आधी नुसते गुडघेच दुखायचे तिचे, म्हणून तर काढा सुरू केला. हात नंतर. पोटातल्या कळाही नंतरच. मला वाटलं, दुखणं हटत नाही, म्हणून एका वाटीच्या दोन केल्या. अगं, दुनियेला औषध देणारा माणूस मी, मला कळायला नको?

भाची : रडू नका, मामा. आजच तिला दवाखान्यात नेऊ, रक्त तपासू. आधी फोन करून सांगा, दुपारचा काढा घेऊ नकोस म्हणून.

मामा : माझ्याच्यानं बोलवणार नाही. तू सांग.

भाची : ती तुमचंच ऐकेल. लावलाय, बोला.

(फोन स्पीकरवर आहे.)

मामी : अहो, लागला का निकाल?

मामा : लागला. अगं, दुपारचा काढा... तो घेऊ नकोस.

मामी : घेतला की! तुम्ही एवढ्या मायेनं करून ठेवता, न घेऊन कसं चालेल? मेला हात थरथरला आणि अर्धी वाटी सांडली. पण रागावू नका हं, पातेल्याच्या तळाशी उरला होता, तो सगळा खरवडून प्यायले.