रुमालाखालचं बक्षीस

शुद्धलेखन चुकलं तर माफ करा, आठवीतच शाळा सुटली माझी. पण हे सांगायलाच पाहिजे! फोनवर प्रोग्रामिंगचं कोडं सोडवून मी स्पर्धा जिंकलो, बक्षीस क्रिप्टोत, म्हणजे फोनमधल्या डिजिटल नाण्यांत, आलं. माझे वडील, आबा, उदगीरच्या बैलबाजारात दलाल. त्यांनी फोनच काढून घेतला.

"जे नाणं दिसत न्हाई ते खोटं. उद्यापासून बाजारात चल."

मी कधी उलट बोलत नाही. त्या दिवशी बोललो, "आबा, बैलाचा भाव तुम्ही रुमालाखाली बोटं दाबून ठरवता. तो कुणाला दिसतो?"

आई हसली, "बोला की आता!"

सकाळी बाजारात आबांनी रुमाल पुढं केला. "किती जिंकलास?"

रुमालाखाली मी त्यांची पाची बोटं धरली.

"पाचशे?"

"हजारात धरा, आबा."

त्यांनी फोन परत दिला. तिथंच, बैलांच्या मधे बसून, मी पुढचं कोडं उघडलं.