झेंडूचे हार आणि डॉट इन

मी तळवड्याचीच. माहेर हितलं, सासरही हितलंच, मधी फक्त एक ओढा. आता जिथं आयटी पार्कवाल्यांच्या गाड्या लागतात ना, तिथं आमचं झेंडूचं वावर होतं. वडील खंडेनवमीला टेम्पो भरून वर्कशॉपना हार पुरवायचे, कारण त्या दिवशी मशिनी बंद, लेथला हार, प्रेसला हार, पान्याला आणि हातोडीलासुद्धा हळदकुंकू. मी त्यांच्याबरोबर टेम्पोत बसून जायची, म्हणून अख्ख्या पट्ट्यातले मालक मला फुलवाल्या तात्यांची सुनंदा म्हणून ओळखतात. अजून तेच म्हणतात. मला त्याचं वाईट वाटत न्हाई, त्या ओळखीवरच माझं सगळं उभं हाय.

वावर विकलं, एक पट्टी तेवढी राखली. मी चिंचवडला कॉम्प्युटर शिकले, गाळा भाड्यानं घेतला, व्हिजिटिंग कार्ड, बिलबुकं छापायला लागले. त्याच सुमाराला चाकणच्या मोठ्या कंपन्या छोट्या वर्कशॉपना सांगायला लागल्या की फुकटातल्या मेलवरून आलेलं कोटेशन आमी बघणार न्हाई, तुमचा स्वतःच्या नावाचा मेल पाहिजे. मंग सगळे माझ्याकडं, ताई, हे काय असतं. मी सांगायची, असं समजा की इंटरनेटवर तुमच्या वर्कशॉपची पाटी, शेवटी डॉट इन, म्हणजे आपल्या देशातली. ती वर्षाच्या बोलीवर मिळते. वर्ष संपलं की पुन्हा पैसे भरायचे, न्हाई भरले तर पाटी उतरवतात आणि त्या नावावर येणारा मेलही बंद. पुण्यातल्या एका घाऊक विकणाऱ्याकडून मी ही नावं घ्यायची आणि मालकांना द्यायची.

आता आमच्याकडं नवी मशीन दसऱ्याला, नवी गाडी दसऱ्याला, मंग नवी पाटी कधी घेणार? दसऱ्यालाच. मुहूर्ताशिवाय कुणी घेतच न्हाई. त्यामुळं काय झालं, माझ्या जवळजवळ सगळ्या गिऱ्हाइकांची मुदत एकाच हंगामात संपते. कार्डं छापून चहापाणी निघतं, गाळ्याचं भाडं मात्र दसऱ्यावर.

आणि नेमकं दसऱ्याच्या तोंडावर ती परदेशी कंपनी उतरली. जगभर डॉट कॉम विकणारी, आता म्हणे डॉट इनही विकणार, मराठीतून. रस्त्यावर फलक लागले, मालकांना फोन यायला लागले, फोनवरची पोरगी इतकं गोड मराठी बोलायची की आमच्या जाऊबाई म्हणाल्या, हिला सून करून आणा. पहिल्या वर्षाचा त्यांचा भाव असा की मला त्या भावात खरेदीसुद्धा पडत न्हाई. मिस्टर म्हणाले, गाळा सोडून दे, पुन्हा हार ओवू. हसून म्हणाले, पण काय सांगू तुम्हाला, ते हसणं खरं नव्हतं. हा एक हंगाम हातचा गेला तर गाळा जाणार, हे आमा दोघांनाही दिसत होतं.

नाना माझं पहिलं गिऱ्हाईक. त्यांचं स्प्रिंगांचं वर्कशॉप, सगळा माल चाकणच्या एका कंपनीला. ते स्वतः गाळ्यावर आले, म्हणाले, सुनंदा, तुझ्यापासून लपवत न्हाई, मी तिकडं चाललो, स्वस्त हाय. मी म्हटलं, जावा की, पाटी तुमची हाय, मी तुमच्याच नावावर घेतलीया. नाव तिकडं हलवायला लागणारा कोड तिथंच काढून दिला. मिस्टर नंतर म्हणाले, अगं, एवढं सहज? म्हटलं, कडी लावून गिऱ्हाईक थांबत नसतं. त्या हंगामात नानांच्या मागं आणखी बरेच गेले. भाडं हप्त्यानं भरत कसंबसं वर्ष काढलं.

पुढचं वर्ष अधिक महिन्याचं निघालं. बघा, पाटीची मुदत इंग्रजी तारखेची, ती जिथल्या तिथं. दसरा मात्र पंचांगानं मागंपुढं होतो, आणि अधिक महिना आला की एवढा लांबतो की बऱ्याच जणांची तारीख आधीच निघून जाते. अशा वर्षी मी पितृपक्ष लागायच्या आतच सगळ्यांच्या दारात जाऊन बसते. तरी एखादा लांबवतोच, मंग पितृपक्षात कुरकुरतो, ताई, या दिवसांत कसली खरेदी. मी म्हणते, खरेदी न्हाई हो, भाडं हाय, लाईटबिल भरता का न्हाई पितृपक्षात?

घटस्थापनेला सकाळी नानांचा फोन. सुनंदा, चाकणवाल्यांचा मेल येईना, त्यांचा माणूस फोन करून विचारतोय, वर्कशॉप बंद केलं का. मी बघितलं तर मुदत संपून काही दिवस झालेले. त्या कंपनीची चूक न्हाई, तिनं आठवणीचे मेल पाठवले होते, नानांनी ते वाचलेही होते. पण ते म्हणाले, अजून दसरा कुठं झालाय, आपली पाटी दसऱ्याची. मी म्हटलं, नाना, त्यांच्या कॉम्प्युटरला दसरा कळत न्हाई.

गाडी काढली, गेले. नाना प्रेसजवळ स्टुलावर बसलेले, चहा तसाच गार झालेला. म्हटलं, घाबरू नका, मुदत संपली तरी थोडे दिवस सवलत असते, नाव अजून तुमचंच हाय. त्यांच्याच फोनवरून, त्यांच्याच त्या कंपनीला पैसे भरायला लावले. संध्याकाळपर्यंत मेल सुरू झाला, माल कधी द्यायचा त्याचं चाकणचं शेड्यूल येऊन पडलं. नाना म्हणाले, मला वाटलं तू म्हणशील, भोगा आता. मी म्हटलं, तुमचं वर्कशॉप बंद पडलं असं चाकणला झालं, तर तोच मेल घालून मी छापलेल्या कार्डांची काय इज्जत राहते?

थोड्या वेळानं तेच म्हणाले, नाव राहू दे तिकडं, पण मुदत सांभाळायची तू. त्याचे पैसे घे. खंडेनवमीला त्यांनी चार मालकांना हीच गोष्ट स्वतःवर हसत सांगितली, आणि ते चौघंही आले. आता माझ्याकडं दोन तऱ्हेची गिऱ्हाइकं, काहींची नावं माझ्यामार्फत, बरीच तिकडची. सांभाळते सगळ्यांची मीच, वर्षाच्या ठरलेल्या पैशात. गाळा तोच हाय. शेजारचाही बघतेय.

कंपनी मोठी हाय, सुखात राहू दे तिला. फोनवरची ती पोरगीही सुखात राहू दे. त्या पट्टीवर मी अजून झेंडू लावते, खंडेनवमीला हार सगळ्यांकडं पोचवते, गेलेल्यांकडंही. गेल्या खेपेला नानांच्या सगळ्या मशिनींना हार घालून एक उरला. तो त्यांनी कॉम्प्युटरला घातला आणि म्हणाले, विचार गं ह्याला, पुढचा दसरा कधी हाय.

म्हटलं, त्याला कशाला, मला विचारा. आणि हार जरा बाजूला सरकवला, मेल दिसत नव्हते म्हणून.