नियम वाचलेला मुलगा

माझे संपूर्ण नाव केशव धोंडू उतेकर, वय वर्षे एक्क्याऐंशी. चहा निवेपर्यंत माझ्या एका चुकीची हकीकत ऐका. साठच्या दशकात पोलादपूरच्या डोंगरात आमच्या आईचा पाय घसरून मोडला. चौघा गड्यांनी तिला डोलीतून खाली आणले. तेथून डोलीसकट तिला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत ठेवून आम्ही महाडच्या दवाखान्याकडे निघालो.

नाक्यावर हवालदारांनी डोली पाहिली आणि हात हलवला. "जावा, जावा, म्हातारीला लवकर न्या."

मी शाळेत गेलेलो नव्हतो. वाचायला स्वतःच शिकलो होतो. त्यामुळे वाचलेले सांगितल्यावाचून मला राहवत नसे. मी म्हणालो, "हवालदारसाहेब, शेतीच्या ट्रॉलीतून माणसे नेण्यास मनाई आहे. नियम मी स्वतः वाचला आहे."

त्यांनी कपाळावर हात मारला. "अहो, मी न बघितल्यासारखं करत होतो! आता चारचौघांनी ऐकलं. उतरवा डोली."

आई कण्हत म्हणाली, "वाचलंस तर वाचलंस रे केशवा, बोललास कशाला?"

दवाखाना अर्धा मैल दूर होता. गडी डोली घेऊन चालू लागले. वाटेत एक जण दमला, तेव्हा सोबत आलेल्या हवालदारांनी आपली टोपी माझ्या हाती दिली आणि डोलीचा दांडा स्वतःच्या खांद्यावर घेतला.

"आये, धक्के बसत नाय ना गो?" हवालदारांनी विचारले.

"नाय रे बाबा. त्या ट्रॉलीपरास हे बरं हाय."

आई तीन महिन्यांनी पुन्हा चालू लागली. नियम मी आजही वाचतो. विचारल्यावाचून सांगत मात्र नाही.