सगळ्यांदेखत नाव

१९९८ साली मी निमाणी बसस्थानकावर सायखेड्याच्या बसची वाट पाहत होतो. मागच्या बाकावर एक नवरा-बायको बोलत होते. नवरा विमान चालवायला शिकवणाऱ्या क्लबात, विमानं ठेवायच्या हँगरवर कामाला असावा.

"सगळ्यांदेखत मी तुमचं नाव घेतलं. लय लाज वाटती."

"अगं, तू ओरडली नसती तर विमानाचा पंख दाराला घासला असता. माझी नोकरीच गेली असती."

"मी डबा द्यायला आलते. मलाच कशाला पंखापाशी उभं केलं?"

"शेखर सुट्टीवर हाय. विमान आत ढकलताना दोन्ही पंखांकडं बघायला माणूस लागतं. मी पुढच्या चाकाशी, मला टोक दिसत नाय."

"आधी 'अहो, अहो' केलंच होतं की मी."

"चौघं ढकलत होतो. ज्याला त्याला वाटलं, दुसऱ्याला हाक मारती."

"मग तोंडातून 'गेणू, थांब!' निघालं. तेबी अरेतुरे!"

"म्हणून तर थांबलो. वीतभर जागा राहिली होती."

"साहेब हसले ना?"

"हसले. म्हणले, वहिनींना उद्याबी बोलव."

"येईन. पण नाव घ्यायचं तर उखाण्यातच घेईन."

"उखाणा संपेपर्यंत पंख दारात घुसंल की!"

"मग काय करू?"

"आजच्यासारखंच म्हण. आई गेल्यापासून मला 'गेणू' अशी हाक कुणी मारलीच नव्हती."

"म्हणून मघापासून गालात हसताय व्हय!"