लाकडाखालचा उंदीर

बसा बसा, पण त्या सुपाच्या अंगाला नको, त्यात कोळशाची पूड हाय, आन तुमी धुतलेलं लुगडं नेसून आलाय. माजं काय ऐकायचंय तुमाला, मी उदबत्त्या वळते, दिवस उगवला की पाट पुढ्यात ओढते आन मावळला की उचलून ठेवते, झालं माजं चरित्र. बरं, विचारताय तर सांगते. आमी इथलेच, म्हैसूरचे. मूळ गाव कुठलं म्हणाल तर मला ठाऊक न्हाई, माज्या आबालाबी ठाऊक नव्हतं, त्याचा आजा की पणजा घोड्यासंगं खाली आला, राजाच्या रिसाल्यात राहिला, आन परत जायचं राहूनच गेलं. तुमी पुण्याकडच्या, आमची मराठी ऐकून तुमाला हसू येतंय, दिसतंय मला, हसा. आमी घरात मराठी बोलतो आन भांडतो कानडीत, ते लवकर संपतं. आबा सरकारी पागेत होता, घोड्यांच्या चाकरीला, घरी यायचा तो घोड्याचा वास घेऊनच. घरात आमी चौघं, आबा, आई, माजी थोरली बहीण अक्का, आन मी तुळसा. मधली लेकरं जगली न्हाईत, म्हणून अक्का माज्याहून आठ वर्षांनी मोठी. आईला घरकाम, मला अक्काच. न्हाऊ घालायची ती, वेणी घालायची ती, मारायचीबी तीच.

आता थंडी आली की लोक म्हणतात अवरेकाय आली, त्या पावट्याच्या शेंगा हो, गाड्याच्या गाड्या भरून येतात, अख्ख्या गल्लीला वास सुटतो. आमच्या लहानपणी थंडी आली की लोक माळ्याकडं बघायचे. दसरा झाला, दिवाळी झाली, आन एक दिवस कुठल्यातरी गल्लीतनं आवाज यायचा, इली बित्तु. म्हंजे उंदीर पडला. एवढंच. प्लेग हा शब्द कुणी तोंडातनं काढायचं न्हाई, इली बित्तु म्हटलं की सगळं समजायचं. ज्याच्या घरात उंदीर आपोआप मरून पडला त्यानं सांगायचं, घर सोडायचं, आन गावाबाहेर येलवालच्या वाटेला माळावर तट्ट्यांची शेडं असायची तिथं जाऊन ऱ्हायचं. मागनं सरकारी माणसं यायची, कौलं उतरवायची, घरात ऊन पाडायची, चुना मारायची. शिवरात्रीला थंडी शिव शिव म्हणत जाते म्हणतात इथं, ती गेली, ऊन तापलं, की युगादीच्या, तुमच्या पाडव्याच्या, तोंडाला आमी परत.

खोटं कशाला बोलू, आमा पोरीबाळींना त्याची गंमतच वाटायची. शेडात भिंत कुठली, सगळ्या गल्लीची चूल एकीकडं पेटायची, कुणाच्या घरात काय शिजलं ते सगळ्यांना ठाऊक. आन परत आलो की आणखी मजा, दोन-तीन महिने माणूस नसलेलं घर, त्यात काय काय सापडायचं. एकदा देवाच्या कोनाड्यात चिमणीनं घर केलेलं, एकदा परसातला भोपळ्याचा वेल कौलातनं आत उतरून दाण्याच्या कणगीवर बसलेला, बारकंसं भोपळंबी धरलेलं. आईची हरवलेली नथ सापडली ती अशीच, माळ्यावर ऊन पडलं तवा चकाकली, आन बघितली कुणी, मी. आबा मला म्हणायचा, हे मांजर हाय, ह्याच्यापासनं काय लपत न्हाई. मलाबी लई मान वाटायचा त्याचा.

अक्काचं लगीन सोसले गावाला लावलं. सासरा मठाच्या जमिनीवर देखरेखीला, खाऊनपिऊन बरं घर, दाजी माणूस गरीब, म्हंजे स्वभावानं. लगीन झालं आन मी आठ दिवस जेवले न्हाई, आई म्हणाली, सुम्ने, उगाच नाटकं करते. नाटकं नव्हती बाई ती. रात्री पाठ कुणाला टेकवायची ते मला कळायचं न्हाई.

दीड वर्षानं निरोप आला, अक्काला दिवस गेलेत, सातवा लागलाय. पहिलं बाळंतपण माहेरी, रीतच हाय ती. पण तिच्या सासूनं गाडीवानाबरोबर दुसराबी निरोप धाडला, की तिकडं गावात कुठं कुठं उंदीर पडाय लागलेत असं ऐकतो, तुमच्या घरात पडला असंल तर तसं सांगा, मग सून पाठवत न्हाई, बाळंतपण इथंच करतो, राग मानू नका. गाडीवान बाजाराला आलेला, तो मंगळवारी संध्याकाळी परत जाणार, जाताना आमचं उत्तर घेऊन जाणार, आन मग शुक्रवारी अक्का येणार. काय सांगू तुमाला, ते सगळे दिवस मी जमिनीवर चाललेच न्हाई. अक्काला अवरेकायचे डोहाळे लागलेत म्हणून कळलं होतं, तर मी बसून शेंगा सोलल्या, दाणं भिजत घातलं, निरोप आल्या दिवसापासनं आईचं डोकं खाल्लं, अजून किती दिवस, अजून किती.

त्या मंगळवारी सकाळी आईनं मला परसात लाकडं आणायला धाडलं. मी दोन उचलली, तिसरं उचललं, आन खाली उंदीर. मेलेला. पाय वर, तोंड जरा उघडं, अंगावर जखम न्हाई, रगत न्हाई. मी नऊ वर्षांची होते पण मला कळलं बाई. कळलं न्हाई असं मी आजपतूर कुणाला सांगितलेलं न्हाई. मी तिथं उकिडवी बसले आन बघत राहिले. ओरडावं म्हणून तोंड उघडलं, आन मनात आलं, ओरडले तर शेडात जायचं, आन शेडात गेलो तर अक्का येणार न्हाई. मग मी मनाला सांगितलं, एकच तर हाय. शेजारच्या मांजरानं मारला असंल, दाबून मारलं तर रगत येत न्हाई. माडाच्या झावळीचा तुकडा घेतला, त्यानं शेपटी धरली, आन परसामागच्या नाल्यात टाकून दिला. हात राखेनं धुतले. लाकडं घेऊन आत गेले. आई म्हणाली, एवढा येळ? मी म्हटलं, विंचू होता.

संध्याकाळी गाडीवान दारात आला. आई उंबऱ्याच्या आत, मी तिच्या पदराला धरून मागं. तो म्हणाला, अम्मा, काय सांगू तिकडं, उंदीरबिंदीर काय पडला का? मी आईच्या पदराची गाठ दातात धरली. आई म्हणाली, काही न्हाई, आमच्याकडं सगळं नीट हाय, पाठवा म्हणावं. तो बैलांना हाकत गेला. मी श्वास सोडला. आईनंबी सोडला, पण ते मला तवा कळलं न्हाई.

शुक्रवारी अक्का आली. पोट एवढं, तोंड फुललेलं, गाडीतनं उतरल्या उतरल्या माजा कान धरला, किती काळी झालीस गं. पाच दिवस. पाच दिवस ती माजी होती. अवरेकायचं सारू, आमटी हो, केलं आईनं, तिनं दोनदा भात घेतला, मग म्हणाली आता पोरगंच पावट्याएवढं होणार, आन आमी तिघी एवढ्या हसलो की आबा पागेतनं आला तो दारातच उभा राहून बघाय लागला. रात्री मी तिच्या पोटावर हात ठेवून झोपायची, आतनं लाथ मारायचं ते, मला. सहाव्या दिवशी तिला हुडहुडी भरली. अंगाला हात लावला तर तवा. दुसऱ्या दिवशी काखेत गाठ. सरकारी माणसं आली, तिला गावाबाहेर दवाखान्याच्या शेडात नेलं, आमाला माळावर. मला तिचं तोंड बघू दिलं न्हाई. तिसऱ्या दिवशी आबा एकटाच माळावरनं चालत येताना दिसला, आन आईनं त्याला काय विचारलं न्हाई, नुसती खाली बसली. पोटातल्यासकट गेली अक्का माजी.

आमाला तिघांना काय झालं न्हाई बघा. नखाला धक्का लागला न्हाई. दैव देतं आन कर्म नेतं म्हणतात ते असं. दाजी आला, लांब उभा राहिला, तिच्या लुगड्याचं गाठोडं घ्यायला हात पुढं केला आन परत मागं घेतला. मग म्हणाला, मामी, खरं सांगा, घरात उंदीर पडला होता का हो? आई म्हणाली, न्हाई जावयबापू, देवाशपथ न्हाई. मी तिथंच होते. मला वाटलं, बघा, माजी आई माज्या पापावर देवाची शपथ घेतेय आन तिला ठाऊकबी न्हाई. दाजीनं पुढं दुसरं लगीन केलं, सुखानं नांदला, होगली बिडी, जाऊ द्या, त्याचा काय दोष.

पण आई तेव्हापासनं एक वाक्य बोलाय लागली. मीच मारली माज्या लेकीला, मीच. भाकरी थापता थापता म्हणायची, पाणी भरता भरता म्हणायची. शेजारणी म्हणायच्या, अय्यो पापा, बिचारे, असं नको म्हणू, तुजं काय चुकलं, रीतीनं आणलीस. आबा म्हणायचा, साकु, पुरे कर आता. आन मी गप्प. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो काय असतो ते मला विचारा. एक वाक्य माज्या तोंडात होतं, आई, तू न्हाई मारलीस, मी मारली, मला ठाऊक होतं. ते बोलले असते तर तिच्या डोक्यावरचं उतरलं असतं की न्हाई? पण ते माज्या डोक्यावर आलं असतं. आन ती मला काय म्हणाली असती, ह्याचं मला एवढं भ्या होतं की मी लगीन करून गेले, दोन पोरं झाली, नवरा गेला, ह्या घरात परत आले, आबा गेला, पोटासाठी उदबत्त्या वळाय लागले, पण बोलले न्हाई. तीस वर्षं वर होऊन गेली. आई माज्यासमोर ह्याच पाटावर बसून मसाला मळायची, मी काडीला वळायची, आन मधीच ती म्हणायची, मीच मारली. मी म्हणायची, मसाला जरा घट्ट मळ.

तिचं शेवटचं वरीस होतं ते. थंडीच होती. दुपारची वेळ, उन्हात काड्या वाळत घातलेल्या, रस्त्यावरनं शेंगावाला ओरडत चाललेला. आई परत म्हणाली, मीच मारली. आन मला काय झालं कुणाला ठाऊक, हातातली काडी खाली ठेवली आन मी सगळं सांगून टाकलं. लाकडं, झावळी, नाला, विंचू होता म्हणून खोटं बोलले ते, सगळं. मान खाली घालून सांगितलं. सांगून झालं. मी वाट बघत होते की आता मारंल, का रडंल, का उठून जाईल. कायच न्हाई. मग ती म्हणाली, तुला कुठं सापडला म्हणालीस?

मी म्हटलं, परसात, लाकडाखाली.

ती म्हणाली, मला मोरीत सापडलेला. त्याच्या आदी दोन दिवस. न्हाणीच्या चुलीत घातला मी.

मी तिच्याकडं बघितलं. ती माज्याकडं बघत नव्हती, हात मसाल्यात तसेच होते. ती म्हणाली, मी मनाला म्हटलं एकच तर हाय, कुठल्यातरी मांजरानं मारला असंल. लेक यायची होती गं. मलाबी लेक बघायची होती. मग म्हणाली, दोन हाईत म्हणून कळलं असतं, तर मी त्या गाडीवानाला सांगितलं असतं, नका पाठवू म्हणावं, तुळसे.

बस. एवढंच. रागावली न्हाई, रडली न्हाई. मलाबी तिचा हात धरवला न्हाई. सांगितलं की मन हलकं होतं म्हणतात, कोण म्हणतं त्याला आणा माज्यासमोर. एक उंदीर तिचा, एक माजा, एका घरात, एकाच लाकडाच्या धुरात आमी दोघी बसलो, आन तीस वर्षं दोघींना वाटलं, मला एकटीलाच ठाऊक हाय. त्या दिवसानंतर ती मीच मारली म्हणाली न्हाई, एकदाबी न्हाई. पण बाई, मी वाट बघायची तिनं म्हणायची. ते न म्हणणं जास्त वाईट होतं. त्याच उन्हाळ्यात गेली ती, शांत गेली.

आता काय, पन्नाशी कवाच ओलांडली, डोळ्याला कमी दिसतं, बोटं अजून चालतात. शेडं गेली, माळावर घरं झाली, तिथं कुणाला सांगा आमी इथं राहिलो होतो म्हणून, वेड्यात काढतील. थोरला माज्यापाशी ऱ्हातो, सून चांगली हाय, जरा कडक हाय, पण चांगली. नात हाय सहा वर्षांची. तिला काय सापडलं की ती घरभर ओरडत येते, आजी झुरळ मेलंय, आजी पाल मेलीय, माळ्यावर चिमणीचं पिल्लू पडलंय. सून वैतागते, म्हणते, अत्ती, तुमीच तिला ही सवय लावली, लोक काय म्हणतील. लोकांना काय म्हणायचं ते म्हणू दे, पोरीनं ओरडावं. सुखी ऱ्हावी ती, तुमीबी सुखी ऱ्हा, एवढ्या लांबनं येऊन म्हातारीचं ऐकलं. ती ओरडत आली की मी पाट बाजूला सारते, गुडघ्यावर हात देऊन उठते, जाऊन बघते, आन तिला म्हणते, बरं केलंस सांगितलंस, आता आईला विचारून ये जा, तिलाबी एखादं सापडलंय का.